फोटो काढताच प्रिंट हातात देणारा डिजिटल कॅमेरा: आधी कागद बघा, मग कॅमेरा

माथेरान कर्जत तालुक्यात येतं, हे तिथे दरवर्षी जाणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. नेरळहून घाट चढायचा, दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि मग पॉइंट्स बघत हिंडायचं. इको पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शार्लोट लेक, प्रत्येक ठिकाणी मोबाइल बाहेर येतात. पावसाळ्यात हेच चित्र भिवपुरीच्या आणि खोपोलीच्या धबधब्यांवर दिसतं. शेजारच्या खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाचं दर्शन झालं की देवळाबाहेर घराघराचा ग्रुप फोटो ठरलेलाच.

या फोटोंमध्ये इथली माणसंही असतात. घोडेवाले असतात, करवंदं-जांभळं विकणाऱ्या ठाकूर-कातकरी बायका असतात, कोथळीगडाखालच्या पेठ गावात ट्रेकर्सना जेवू घालणारी घरं असतात. "फोटो पाठवतो हं" असं सांगून पाहुणे निघून जातात, फोटो इन्स्टाग्रामवर जातो आणि ज्याचा काढला त्याच्या घरात मात्र कधीच पोहोचत नाही. मोबाइल नंबर घ्यायचा राहतो, घेतला तरी पाठवायचं राहतं. फोटो काढताच छापून हातात देणारा कॅमेरा असावा, असं वाटायला एवढं कारण पुरेसं आहे.

असे कॅमेरे मिळतात. पण ऑनलाइन शोधायला बसलं की दीड-दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत सगळ्यांवर ‘इन्स्टंट’ हाच शब्द दिसतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

‘इन्स्टंट’ म्हणजे ‘डिजिटल’ नव्हे

इन्स्टंट फोटो डिजिटलपेक्षा कितीतरी जुना. १९४३ मध्ये अमेरिकेतले संशोधक एडविन लँड कुटुंबासोबत सांता फे इथे सुट्टीवर होते. काढलेला फोटो आत्ताच का बघता येत नाही, असं त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं आणि लँड त्या प्रश्नाच्या मागे लागले. २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनमधल्या एका दुकानात त्यांच्या पोलरॉइड कंपनीचा पहिला कॅमेरा विक्रीला आला. या कॅमेऱ्यांत डिजिटल असं काहीच नसतं. बटण दाबलं की प्रकाश थेट फिल्मवर पडतो आणि तीच फिल्म फोटो होऊन बाहेर येते. दुसरी प्रत नाही. कुणाचे डोळे मिटले असतील तर ते मिटलेलेच. दुकानात सगळ्यात जास्त दिसणारे फुजीफिल्मचे इन्स्टॅक्स मिनी ११ आणि मिनी १२ हे रंगीबेरंगी कॅमेरेही याच जातीचे.

डिजिटल हवा असेल तर कॅमेऱ्याला मागे स्क्रीन असायला हवी, फोटो मेमरीत राहायला हवा आणि कोणता छापायचा ते आपल्याला ठरवता यायला हवं. अशा कॅमेऱ्यांना कंपन्या ‘हायब्रिड’ म्हणतात. ऑलिम्पसने २००० मध्येच पोलरॉइडची फिल्म वापरणारा सी-२११ झूम हा डिजिटल कॅमेरा काढला होता, पण तो चालला नाही. फुजीफिल्मचा स्क्वेअर एसक्यू१० हा २०१७ मध्ये आला, मिनी लायप्ले २०१९ मध्ये आणि मिनी इव्हो २०२१ च्या अखेरीस. ऑनलाइन शोधताना नुसतं ‘इन्स्टंट कॅमेरा’ न टाकता ‘हायब्रिड इन्स्टंट कॅमेरा’ टाकलं तर अर्धा कचरा तिथेच गळतो.

खरी निवड कागदाची

कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, कागद मात्र जन्मभर. शिवाय एका प्रकारचा कागद दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात चालत नाही. म्हणून आधी कागद ठरवावा. बाजारात चार प्रकार आहेत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा प्रकार थर्मल कागदाचा. ‘किड्स प्रिंट कॅमेरा’ या नावाने विकले जाणारे सशाच्या कानांचे, मांजरीच्या तोंडाचे कॅमेरे आठवा. त्यांच्या पोटात असतो तो एसटीच्या तिकिटाचा किंवा पेट्रोल पंपाच्या पावतीचा कागद. शाई नाही, नुसत्या उष्णतेने काळा होणारा. त्यामुळे स्क्रीनवर फोटो रंगीत दिसतो आणि छापून येतो काळा-पांढरा. जाहिरातीत ही गोष्ट कुठेतरी बारीक अक्षरात असते. प्रिंटचा खर्च नगण्य, लहान मुलं दिवसभर छापत बसली तरी चालतं, खेळणं म्हणून उत्तमच. पण खिशात राहिलेलं तिकीट काही महिन्यांत कोरं होतं, तशीच या फोटोचीही गत होते. कुणा आजीला भिंतीवर लावायला हा फोटो देऊ नये. आणि जपण्यासाठी लॅमिनेशन करायला तर मुळीच नेऊ नये, कारण गरम लॅमिनेशनच्या यंत्रातून तो काळाकुट्ट होऊन बाहेर येतो.

दुसरा प्रकार झिंक, म्हणजे ‘झिरो इंक’. हे तंत्र पोलरॉइड कंपनीतच जन्मलं आणि २००५ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेलं. कागदातच पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगाच्या स्फटिकांचे तीन थर असतात आणि छापण्याआधी ते रंगहीन असतात. वरच्या पिवळ्या थराला थोडा वेळ जास्त उष्णता लागते, तळाच्या निळसर थराला कमी उष्णता पण जास्त वेळ. प्रिंटरचं तापतं डोकं हा हिशेब सांभाळत एकाच फेरीत रंगीत फोटो छापतं. पोलरॉइड स्नॅप, कोडॅक प्रिंटोमॅटिक हे झिंकचे कॅमेरे, एचपी स्प्रॉकेट हा झिंकचा प्रिंटर. फोटो दोन बाय तीन इंचांचा, मागे चिकटपट्टी असलेला, बाहेर येताच कोरडा. भर पावसात हे सोयीचं पडतं. रंग मात्र किंचित फिके येतात आणि चेहरे कधी कधी तांबूस दिसतात. याही कागदाला गरम लॅमिनेशन सोसत नाही.

तिसरा प्रकार इन्स्टंट फिल्म. फुजीफिल्मचे हायब्रिड कॅमेरे फोटो डिजिटल काढतात आणि मग आतल्या प्रकाशाने तो खऱ्याखुऱ्या फिल्मवर उमटवतात. पांढऱ्या चौकटीचा तो ओळखीचा फोटो बाहेर येतो आणि दीडेक मिनिटात डोळ्यांदेखत उमलतो. मुलांना आणि म्हाताऱ्यांना ही गंमत सारखीच आवडते. इन्स्टॅक्स मिनीची पूर्ण फिल्म ८६ बाय ५४ मिलिमीटर, साधारण एटीएम कार्डाएवढी. त्यातलं प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६. फोटो झटकायची गरज नाही. ती सवय जुन्या, सोलून काढायच्या ओल्या फिल्मची आहे. आजच्या फिल्मवर पारदर्शक थर असतो, हवा आत जात नाही, आणि जोरात झटकलं तर फोटो बिघडूही शकतो.

चौथा प्रकार डाय-सब्लिमेशन. यात रिबनवरचे रंग उष्णतेने कागदावर चढतात, आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळसर आणि शेवटी एक पारदर्शक संरक्षक थर. कागद चार वेळा आत-बाहेर करतो, त्यामुळे बघणाऱ्याला दर वेळी वाटतं की यंत्र अडकलं. टिकाऊपणात आणि रंगात बाकीचे तिन्ही प्रकार याच्या मागे राहतात. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांना तिथल्या तिथे फोटो देणारे व्यावसायिक हेच तंत्र वापरतात. कोडॅकच्या मिनी शॉट मालिकेत असा प्रिंटर कॅमेऱ्यातच बसवलेला असतो. कॅननचा सेल्फी हा कॅमेरा नसून छोटा प्रिंटर आहे (नावाचा आपल्या सेल्फीशी संबंध नाही), पण तो पोस्टकार्डाएवढा फोटो मिनिटभरात देतो.

कर्जतचं ऊन, माथेरानचा पाऊस

कंपन्यांची माहितीपत्रकं थंड देशांच्या हिशेबाने लिहिलेली असतात. आजच्या पोलरॉइड फिल्मला १३ ते २८ अंश तापमान मानवतं. त्यापुढे फोटोवर पिवळट-गुलाबी झाक येते. कर्जत-खालापूरच्या तळात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे वर्षातला बराच काळ ही फिल्म इथे रुसलेलीच राहणार. इन्स्टॅक्स ५ ते ४० अंशांपर्यंत चालते, तरी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तीही टिकत नाही. फिल्म घरी थंड जागी ठेवावी, प्रवासात कपड्यांच्या मधोमध.

पावसाळ्यात उलटी अडचण. दमट हवेत पाकीट फोडून ठेवलं की झिंकचा आणि डाय-सब्लिमेशनचा कागद वाकतो आणि यंत्रात अडकतो. लागेल तेव्हाच पाकीट फोडायचं, उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. इन्स्टॅक्सची फिल्म घातल्यावर दहाही फोटो संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही. "किती उरले बघू" म्हणत कुणीतरी उघडतंच, आणि आतल्या फिल्म प्रकाश लागून वाया जातात.

अर्जावर लावायला चालेल का?

गावात असा कॅमेरा दिसला की पहिली मागणी पासपोर्ट साइज फोटोची येते. जातीच्या दाखल्याचं शिबिर असो की शाळेचा अर्ज, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो लागतोच आणि स्टुडिओ असतो खाली कर्जतला किंवा खोपोलीला. इन्स्टॅक्स मिनीचं चित्र मापाने त्याहून थोडं मोठं असल्याने ते कापून लावावं, असं सहज सुचतं. तसं करू नये. फिल्मच्या आत दाहक रसायन असतं, कापल्यावर ते हाताला लागू शकतं. फिल्म कापू किंवा सोलू नका, अशी सूचना फुजीफिल्म स्वतःच देते. चुकून लागलंच तर भरपूर पाण्याने लगेच धुवावं. लहान मुलांच्या हाती तर कात्री आणि इन्स्टॅक्स एकत्र देऊच नये.

या कामाला डाय-सब्लिमेशनचा छोटा प्रिंटरच हवा. कॅनन सेल्फीमध्ये ओळखपत्राच्या फोटोंची सोय आहे, चार बाय सहाच्या एका कागदावर आठ फोटो आरामात बसतात. वाडीवर सरकारी अर्जांचं शिबिर घेणाऱ्या संस्थेला किंवा माथेरानला फोटोचा धंदा करू पाहणाऱ्या तरुणाला इन्स्टंट कॅमेऱ्यापेक्षा हा प्रिंटर, जोडीला मोबाइल आणि जादा बॅटरी, एवढं सामान जास्त उपयोगाचं. पर्यटकाच्या मोबाइलमध्ये चांगला कॅमेरा आधीच आहे. फोटोवाल्याकडून तो विकत घेईल तर छापलेला फोटोच.

कॅमेरा की मोबाइलचा प्रिंटर?

हाच प्रश्न बाकीच्यांनीही स्वतःला विचारावा. मिनी इव्होचा सेन्सर पाच मेगापिक्सेलच्याही किंचित खाली आहे, साधा मोबाइल त्याहून सरस फोटो काढतो. त्यात छापलेलेच फोटो मोबाइलवर पाठवता येतात. बाकीचे हवे असतील तर मायक्रोएसडी कार्ड घालावं लागतं. कार्ड नसेल तर साधारण ४५ फोटोंवर जागा संपते. याउलट इन्स्टॅक्स मिनी लिंक किंवा एचपी स्प्रॉकेट हे प्रिंटर मोबाइलमधला कोणताही फोटो छापतात, मागच्या दिवाळीचासुद्धा. ते ब्लूटूथवर चालतात, त्यामुळे पेठला रेंज नसली तरी अडत नाही. फक्त ॲप घरूनच डाउनलोड करून, एक फोटो छापून बघून निघावं. गडावर पोहोचल्यावर ॲप शोधायला लागलेला माणूस सगळ्यांच्याच परिचयाचा असतो.

तरीही कॅमेरा घेण्यात अर्थ आहे तो दोन वेळा: मुलाच्या हाती मोबाइल न देता फोटो काढायला शिकवायचं असेल तेव्हा, आणि समारंभात कॅमेरा हातोहात फिरवायचा असेल तेव्हा. आपला मोबाइल कुणी पाहुण्यांच्या हाती सोडत नाही.

खर्चाचं गणित मात्र घेण्याआधी करावं. इन्स्टॅक्स मिनीचा एक फोटो साधारण पन्नास रुपयांच्या आसपास पडतो. हळदीला साठ फोटो काढले तर तीन हजार रुपये फिल्मलाच गेले. झिंक त्याहून थोडं स्वस्त, आणि डाय-सब्लिमेशनमध्ये मोठा पॅक घेतला तर मोठ्या आकाराचा फोटोही कमी पैशांत होतो. कॅमेऱ्यावर सवलत देऊन कागदावर वसूल करणं हाच या धंद्याचा पाया आहे.

फिल्म सगळीकडे मिळत नाही. कर्जतहून लोकलने दोनेक तासांत सीएसएमटी, आणि स्टेशनबाहेरच फोर्टचा बोरा बाजार, तिथे कॅमेऱ्यांच्या दुकानांची रांगच आहे. ऑनलाइन घ्यायची तर विक्रेता नीट पाहावा. दोन्हीकडे खोक्यावरची एक्सपायरी तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, जुन्या फिल्मचे रंग उतरलेले येतात. झिंकचं पाकीट घेतलं तर त्यातला निळा कागद फोटो छापायचा नसतो, तो प्रिंटरला त्या पाकिटासाठी जुळवून घेतो. कचरा समजून तो फेकू नये, बारकोडची बाजू खाली करून बाकीच्या कागदांखाली ठेवावा.