इंग्रजी भाषकांसाठी फ्रेंच : परिचित शब्द, अपरिचित व्याकरण

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जच्या लढाईत विजय मिळवून इंग्लंडचे सिंहासन हस्तगत केले. त्यानंतर दीर्घकाळ राजदरबार, न्यायालये आणि सरदारवर्ग यांचे व्यवहार प्रामुख्याने फ्रेंचमधून चालत. न्यायालयांत इंग्रजीचा वापर व्हावा असा कायदा १३६२ साली झाला, तोवर असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत रुळले होते. कुरणातल्या जनावराचे नाव इंग्रजी राहिले, तर ताटातल्या मांसाचे नाव फ्रेंचमधून आले; 'शीप'चे 'मटन' आणि 'पिग'चे 'पोर्क' ही त्याचीच उदाहरणे. त्यामुळे फ्रेंचचा पहिला धडा उघडणाऱ्या इंग्रजी भाषकाला बरेच शब्द ओळखीचे वाटतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्थाही इंग्रजी भाषकांसाठी तुलनेने सोप्या असलेल्या भाषांच्या गटात फ्रेंचचा समावेश करते. मात्र ही ओळख जितकी उपयुक्त, तितकीच फसवी आहे.

फसवे मित्र

दिसायला सारखे पण अर्थाने निराळे अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'फोझामी', म्हणजे 'खोटे मित्र' म्हणतात. कोसलर आणि देरोकिन्यी यांनी १९२८ साली अशा शब्दांवर लिहिलेल्या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली. 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ग्रंथालयाला 'बिब्लिओतेक' म्हणतात. 'आक्त्युएल्माँ' म्हणजे 'वास्तविक' नव्हे, तर 'सध्या'. 'साँसीब्ल' म्हणजे समंजस नव्हे, तर हळवा. 'रेस्ते' म्हणजे विश्रांती घेणे नव्हे, राहणे. आणि 'आताँद्र' म्हणजे उपस्थित राहणे नव्हे, वाट पाहणे. जॅममध्ये 'प्रेझर्व्हातीफ' आहे का, अशी दुकानात चौकशी करणाऱ्याला तर भलत्याच प्रसंगास तोंड द्यावे लागते, कारण या शब्दाचा रूढ अर्थ निरोध असा आहे.

नामाचे लिंग

इंग्रजीतील नामांचे व्याकरणिक लिंग मध्ययुगातच लोप पावले. फ्रेंचमध्ये मात्र प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते. पहिल्यास 'ल' आणि दुसऱ्यास 'ला' हे उपपद लागते. लिंग बदलले तर काही वेळा अर्थही बदलतो. 'ल तूर' म्हणजे फेरी, म्हणून सायकल शर्यतीचे नाव 'ल तूर द फ्रान्स'. तर 'ला तूर' म्हणजे मनोरा, म्हणून 'ला तूर एफेल'. नाम नेहमी उपपदासह पाठ करणे हाच यावरचा खात्रीचा उपाय होय. शब्दाच्या शेवटावरूनही थोडाफार अंदाज बांधता येतो. 'स्टेशन', 'नेशन' यांसारखा शेवट असलेली नामे फ्रेंचमध्ये बहुधा स्त्रीलिंगी असतात. विशेषण नामाच्या लिंग-वचनानुसार बदलते आणि बहुतेक वेळा नामानंतर येते. 'यून रोब रूझ' म्हणजे शब्दशः 'एक झगा लाल'.

क्रियापदे आणि नकार

प्रारंभी 'एत्र' (असणे) आणि 'आव्हार' (जवळ असणे) या दोन अनियमित क्रियापदांवर प्रभुत्व मिळवावे. संयुक्त भूतकाळ त्यांच्याच साह्याने बनतो. बहुतेक क्रियापदे 'आव्हार' घेतात, तर जाणे, येणे यांसारखी काही 'एत्र' घेतात. वय आणि भूकही 'आव्हार'नेच सांगतात. आपण वीस वर्षांचे 'आहोत' असे न म्हणता आपल्याजवळ वीस वर्षे आहेत, असे म्हटले जाते. 'मी बोलतो' आणि 'मी बोलत आहे' या दोहोंसाठी 'झ पार्ल' हे एकच रूप पुरते. इंग्रजीच्या सवयीने 'एत्र' जोडून चालू वर्तमानकाळ घडवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. नकारासाठी क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना शब्द येतात : 'झ न पार्ल पा'. बोलण्यात यातील 'न' अनेकदा गळतो.

उच्चार आणि अंक

'पार्ल' या उच्चाराची रूपे कर्त्यानुसार तीन निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात, पण शेवटची अक्षरे मूक असल्याने कानाला सारखीच लागतात. उलट पुढील शब्द स्वराने सुरू झाला की मूक अक्षर जागे होते. 'ले' आणि 'आमी' (मित्र) मिळून 'लेझामी' होते. म्हणून केवळ वाचून फ्रेंच येत नाही. पहिल्या दिवसापासून ती ऐकावी लागते. अंकही परीक्षा पाहतात. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार विसा' आणि नव्याण्णव म्हणजे 'चार विसा-दहा-नऊ'. बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' असे सुटसुटीत शब्द आहेत.

मराठी विद्यार्थ्याची जमेची बाजू

मुंबई-पुण्यातील अनेक विद्यार्थी फ्रेंच शिकतात ती इंग्रजी माध्यमातून. त्यामुळे इंग्रजी भाषकाच्या अडचणी त्यांच्याही वाट्याला येतात. प्रत्यक्षात इंग्रजीपेक्षा मराठीच येथे अधिक साह्य करते. अनोळखी माणसाला 'व्हू' आणि जिवलगाला 'त्यू' म्हणावे, हा भेद इंग्रजी भाषकाला मुद्दाम शिकावा लागतो. 'तुम्ही' आणि 'तू' यांत वाढलेल्याला तो सहज उमगतो. निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि विशेषण त्यानुसार बदलते, याचेही मराठी भाषकाला नवल वाटत नाही. अर्थात दोन्ही भाषांतील लिंगे जुळतीलच असे नाही. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी असला, तरी मराठीतील 'तो' चंद्र फ्रेंचमध्ये 'ला ल्यून', म्हणजे 'ती' होतो. शब्द इंग्रजीच्या ओळखीने उचलावेत, पण त्यांचा अर्थ तपासून घ्यावा. आणि व्याकरण समजून घेताना मातृभाषेचा आधार घ्यावा, हेच नवशिक्याच्या हिताचे.