घटिका चुकली तर?

घड्याळे घरोघर येण्यापूर्वी पेण-रोह्याकडे, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, लग्नाचा मुहूर्त घटिकापात्राने साधत. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. वाटी रिकामी करून पुन्हा सोडायला आणि खूण करायला माणूस बसलेला असे. त्याला डुलकी लागली तर तेवढा वेळ हिशेबातून गेलाच.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये वेळेचा हिशेब याच रीतीने चाले. पीसीवरची टाइमरची चिप सेकंदाला १०० वेळा प्रोसेसरला हाक मारी आणि कर्नल दर हाकेला एक आकडा वाढवी. प्रोसेसर दुसरीकडे अडकला आणि हाक हुकली की घड्याळ मागे पडे. काही काम नसतानाही त्याला सारखे उठवले जाई. लॅपटॉपची बॅटरी त्यात फुकट खर्च होई. शिवाय निरनिराळ्या जातींच्या संगणकांचे टाइमर-ड्रायव्हर हा हिशेब आपापल्या परीने करीत.

जॉन स्टुल्ट्झ, थॉमस ग्लाइक्सनर आदींनी २००६-०७ मध्ये दोन कामांची फारकत केली. 'क्लॉकसोर्स' म्हणजे सतत धावणारा, केव्हाही वाचता येणारा काउंटर. 'क्लॉकइव्हेंट' म्हणजे 'अमुक वेळाने उठव' एवढेच सांगण्याची सोय. क्लॉकसोर्स हा सूर्यासारखा. रात्री कितीही वाट्या चुकोत, पेणला किंवा रोह्याला उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड झाली की मध्यान्ह कळतेच. (त्या वेळी घड्याळात सरासरी १२ वाजून ३८ मिनिटे झालेली असतात; तारखेप्रमाणे सुमारे पाव तास इकडेतिकडे. वर्गाने हे जरूर करून पाहावे.)

एप्रिल २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत क्लॉकइव्हेंट आले. त्यानंतर जुने ड्रायव्हर एकेक करून नव्याने लिहावे लागले, आणि ते काम बरीच वर्षे पुरले. चिप तीच, ड्रायव्हरमधला हिशेब मात्र काढून टाकायचा. काउंटर किती वेगाने धावतो आणि किती बिटांचा आहे, एवढे त्याने कर्नलला सांगायचे. दुसरी गोष्ट क्षुल्लक नाही. सेकंदाला १० लाख मोजणारा ३२ बिटांचा काउंटर साडेएकाहत्तर मिनिटांत भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि त्याआधी तो एकदा तरी वाचावाच लागतो.