आर्ब्रोथ फुटबॉल क्लब

आर्ब्रोथ फुटबॉल क्लब : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ या बंदराच्या गावातील व्यावसायिक फुटबॉल संघ. स्थापना १८७८. गणवेश गडद मरून रंगाचा. रात्री मासेमारीच्या होड्यांना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून संघाला ‘रेड लिक्टीज’ हे टोपणनाव पडले. संघाचे बहुतेक आयुष्य स्कॉटिश साखळीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत गेले. तरीही १८८५ मधील एका सामन्यामुळे त्याचे नाव जगभरच्या फुटबॉल-विक्रमांच्या याद्यांत असते.

आर्ब्रोथ हे अँगस परगण्यातील सुमारे चोवीस हजार वस्तीचे गाव डंडीच्या ईशान्येस साधारण २७ किलोमीटरवर आहे. १३२० मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथील मठातून पोपकडे गेला, असे इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकात मासेमारीच्या जोडीला शिडांचे कापड विणणाऱ्या गिरण्या आणि गवत कापण्याची यंत्रे बनवणारा कारखाना गावाला काम देत होते. लाकडाच्या धुरावर भाजलेला हॅडॉक मासा, म्हणजे ‘स्मोकी’, ही गावाची आजची ओळख आहे.

संघ १८८० पासून समुद्रालगतच्या गेफील्ड मैदानावर खेळू लागला. हे मूळ मैदान अरुंद होते आणि त्यावरून लवकरच वाद झाला. १८८४-८५ च्या स्कॉटिश चषकात आर्ब्रोथने ग्लासगोच्या रेंजर्सला ४–३ असे हरवले. आपण परसातल्या हिरवळीवर हरलो, अशी तार पाहुण्यांनी घरी पाठवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी रीतसर तक्रार केली, मैदान मोजले गेले आणि रुंदी नियमातल्या ५० यार्डांपेक्षा ११ इंच कमी भरली. सामना पुन्हा खेळवला गेला तेव्हा रेंजर्सने ८–१ असा विजय मिळवला. दोन निकालांमधला फरक अकरा इंचांनी समजावता येत नाही, पण नियम रेंजर्सच्या बाजूने होता.

पुढच्याच हंगामात, शनिवार १२ सप्टेंबर १८८५ रोजी, चषकाच्या पहिल्या फेरीत ॲबरडीनचा बॉन अकॉर्ड हा संघ गेफील्डवर आला. पावसाळी दुपारी झालेल्या या सामन्यात आर्ब्रोथने ३६–० असा विजय मिळवला. अठरा वर्षांच्या जॉन पेट्रीने एकट्याने १३ गोल केले. आर्ब्रोथचा गोलरक्षक मिल्न याच्याकडे चेंडू जवळजवळ आलाच नाही. बराच वेळ तो एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता, असे सांगतात. गोलांना जाळी लावण्याची पद्धत तेव्हा सुरू झालेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक गोलानंतर चेंडू लांबून आणावा लागे आणि खेळाचा बराच वेळ त्यात गेला. पंचांनी काही गोल नाकारलेही होते.

हा आकडा जेवढा आर्ब्रोथच्या ताकदीचा, तेवढाच त्या काळच्या स्पर्धेच्या रचनेचाही आहे. स्कॉटलंडमध्ये साखळी स्पर्धा १८९० मध्ये सुरू झाली. त्याआधी चषकात मुरलेले आणि नवखे संघ एकाच चिठ्ठीत येत, आणि ॲबरडीन भागात हा खेळ अजून बाळसे धरत होता. याचा पुरावा त्याच दिवशी डंडीत मिळाला. तेथील डंडी हार्पने ॲबरडीन रोव्हर्सवर ३५ गोल चढवले. पंचांच्या मोजणीत ते ३७ होते, परंतु हार्पच्याच चिटणीसाने ३५ हा आकडा खरा मानून तो कळवला. हा प्रामाणिकपणा नसता तर विक्रम डंडीच्या नावावर लागला असता. वरिष्ठ दर्जाच्या ब्रिटिश फुटबॉलमधील सर्वांत मोठा विजय म्हणून ३६–० आजही कायम आहे. मादागास्करमध्ये २००२ साली १४९–० असा निकाल लागला खरा, पण पंचांच्या निषेधार्थ हरणाऱ्या संघाने ते सगळे गोल स्वतःवरच केले होते.

याच काळात गावाने स्कॉटलंडला नेड डॉइग हा गोलरक्षक दिला. आर्ब्रोथकडून खेळत असतानाच १८८७ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला. पुढे इंग्लंडमध्ये संडरलंडकडून त्याने चार वेळा साखळी विजेतेपद मिळवले. चांगला खेळाडू मोठ्या गावी जाणार, हे चित्र तेव्हापासूनचे आहे.

१९२१ मध्ये आर्ब्रोथला स्कॉटिश साखळीच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला. १९२५ मध्ये गेफील्ड थोडे सरकवून नव्याने बांधण्यात आले आणि रुंदीचा प्रश्न मिटला. वाऱ्याचा प्रश्न मात्र मिटण्यासारखा नव्हता. कुंपणभिंतीपलीकडे लगेच उत्तर समुद्र असून भरतीच्या वेळी वादळ असेल तर लाटांचे पाणी भिंतीवरून आत येते. उंच मारलेला चेंडू वारा कुठेही नेतो. म्हणून येथे पाहुणे संघ नाखूश असतात, आणि यजमानांना त्याचा उपयोग होतो.

१९३५ मध्ये संघ प्रथमच सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि महायुद्धाने साखळी थांबेपर्यंत तेथे टिकला. १९४७ मध्ये स्कॉटिश चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली. तेथे ॲबरडीनने २–० असे हरवले. १९५८-५९ च्या हंगामात डेव्ह ईसनने ४५ गोल केले आणि संघ पुन्हा वर गेला, पण वर्षभरातच खाली आला.

१९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे संघाची धुरा ॲल्बर्ट हेंडरसन यांच्याकडे होती. एवढा दीर्घ काळ एकाच व्यवस्थापकावर विसंबणे या खेळात दुर्मीळच. त्यांच्या कारकिर्दीत संघ १९६८ आणि १९७२ मध्ये सर्वोच्च श्रेणीत चढला. पहिल्या वेळी एका हंगामात परतला, दुसऱ्या वेळी तीन हंगाम राहिला. फेब्रुवारी १९७४ मध्ये आर्ब्रोथने रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर ३–२ असे हरवले. मैदान मोजण्याची मागणी या वेळी अर्थातच झाली नाही. १९७५ मध्ये घसरण झाल्यापासून सर्वोच्च श्रेणी पुन्हा लाभलेली नाही.

पुढची तीन दशके बहुतांशी तळाच्या श्रेणींत गेली. सेल्टिकचे माजी कर्णधार डॅनी मॅकग्रेन १९९२ ते १९९४ व्यवस्थापक होते. त्यांच्या दाढीवरून चाहते स्वतःला ‘दाढीवाली फौज’ म्हणवून घेत. खेळापेक्षा त्याचीच आठवण जास्त राहिली. पहिले साखळी विजेतेपद मिळायला स्थापनेनंतर १३३ वर्षे लागली. पॉल शीरिन यांच्या संघाने २०१०-११ मध्ये चौथ्या श्रेणीचा चषक जिंकला.

२०१६ मध्ये आलेले डिक कॅम्पबेल आणि त्यांचे मदतनीस असलेले जुळे बंधू इयन यांनी २०१७ मध्ये चौथी आणि २०१९ मध्ये तिसरी श्रेणी जिंकून दिली. खेळाडू अर्धवेळ होते : दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. २०१८-१९ मध्ये तिसऱ्या श्रेणीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला बॉबी लिन कचरा गोळा करण्याच्या गाडीवर काम करत असे. हाच संघ २०२१-२२ मध्ये पूर्णवेळ पगारी संघांना मागे टाकत दुसऱ्या श्रेणीत अव्वल स्थानासाठी लढला. एप्रिलमध्ये किल्मारनॉकने अखेरच्या टप्प्यात २–१ असा सामना जिंकून विजेतेपद नेले. त्यानंतर बढतीच्या बाद फेरीत इनव्हर्नेसने पेनल्टींवर आर्ब्रोथला बाहेर काढले. अर्धवेळ खेळाडूंच्या बळावर सर्वोच्च श्रेणीच्या इतक्या जवळ जाणे आधुनिक स्कॉटिश फुटबॉलमध्ये अपवादात्मक मानले जाते.

कॅम्पबेल नोव्हेंबर २०२३ मध्ये पायउतार झाले आणि त्याच हंगामाअखेर संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. २०२४-२५ मध्ये कॉलिन हॅमिल्टन आणि डेव्हिड गोल्ड या स्वतःच्याच खेळाडूंच्या संयुक्त व्यवस्थापनाखाली ती श्रेणी जिंकून तो पुन्हा वर आला.

गेफील्डवरील सर्वाधिक गर्दीचा विक्रम १३,५१० प्रेक्षकांचा असून तो फेब्रुवारी १९५२ मध्ये चषकाच्या सामन्यात नोंदला गेला. समोर रेंजर्सच होते. आज मैदानाची क्षमता साडेसहा हजारांच्या आसपास आहे आणि बहुतेक प्रेक्षक उभ्यानेच सामना पाहतात. माँट्रोझ, फॉरफर आणि ब्रीकिन ही अँगसमधील शेजारची गावे संघाची पारंपरिक प्रतिस्पर्धी आहेत.