मिनोल्टा-१६

मिनोल्टा-१६ हा चियोदा कोगाकु सेइको (१९६२ पासून मिनोल्टा कॅमेरा) या जपानी कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेला अतिलघु फिल्म कॅमेरा आहे. त्यात १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर १० × १४ मिमी आकाराची छायाचित्रे घेतली जातात. याच नावाने पुढे अनेक प्रतिरूपे निघाली.

== पार्श्वभूमी ==
या कॅमेऱ्याचे मूळ कोनान-१६ ऑटोमॅट या जपानी कॅमेऱ्यात आहे. त्याची रचना चियोदा कंपनीकडे आल्यावर प्रथम मिनोल्टा ऑटोमॅट-१६ आणि नंतर अधिक सुटसुटीत असा मिनोल्टा-१६ तयार झाला.

== रचना ==
कॅमेऱ्याचे धातूचे आवरण चपटे असून आतील भाग काडेपेटीप्रमाणे बाहेर सरकतो. तो ओढल्यावर दृश्यदर्शक उघडा होतो. ओढण्या-ढकलण्याच्या याच क्रियेने फिल्म पुढे सरकते आणि शटर पुढील छायाचित्रासाठी सज्ज होते. चंदेरी रंगाखेरीज सोनेरी, काळ्या, लाल, निळ्या व हिरव्या आवरणांतही हा कॅमेरा मिळत असे.

फिल्म दुहेरी काडतुसात येते. एका कप्प्यातील फिल्म दुसऱ्या कप्प्यात गुंडाळली जात असल्याने शेवटी ती उलट गुंडाळावी लागत नाही. एका काडतुसात २० छायाचित्रे निघतात.

== भिंग व शटर ==
रोक्कोर भिंगाचे नाभीय अंतर २५ मिमी व कमाल छिद्रमान एफ/३.५ आहे. शटरचे वेग १/२५, १/५० व १/२०० सेकंद आहेत. प्रकाशमापक नसल्याने छिद्र व वेग अंदाजानेच ठरवावे लागतात. केंद्रीकरण स्थिर आहे. नाभीय अंतर कमी असल्यामुळे बरेचसे दृश्य स्पष्ट येते, मात्र जवळच्या वस्तूंसाठी जोडभिंग वापरावे लागते.

== मर्यादा ==
१० × १४ मिमी चौकटीचे क्षेत्रफळ ३५ मिमी फिल्मवरील २४ × ३६ मिमी चौकटीच्या सुमारे एक षष्ठांश भरते. १० × १४ सेंमीच्या छापील प्रतीसाठी ती दहापट मोठी करावी लागते. त्यामुळे फिल्मचे कण, धूळ व ओरखडे चटकन दिसतात. खिशात मावण्याच्या सोयीची ही किंमत होती.

== पुढील प्रतिरूपे ==
१९६० च्या मिनोल्टा-१६ II मध्ये एफ/२.८ भिंग आणि १/५०० सेकंदापर्यंतचे वेग देण्यात आले. १६ पी हे सोपे प्रतिरूप होते, तर १६ ईई मध्ये स्वयंचलित प्रकाशनियंत्रण आले. १६ एमजी-एस मध्ये चौकट १२ × १७ मिमी करण्यात आली. १६ क्यूटी हे मालिकेतील अखेरच्या प्रतिरूपांपैकी एक होय.

== अस्त व सद्यस्थिती ==
१९७२ मध्ये कोडॅकने ११० हा फिल्मप्रकार आणला. त्यातील फिल्मही १६ मिमी रुंदीचीच होती; पण चौकट १३ × १७ मिमी होती आणि अनेक उत्पादकांनी तो स्वीकारला. मिनोल्टाही ११० कॅमेऱ्यांकडे वळली. जुन्या काडतुसांचे उत्पादन थांबल्याने चालू स्थितीतील कॅमेरेही तयार फिल्मवाचून राहिले. आता हौशी छायाचित्रकार अंधारात १६ मिमी चित्रपटफिल्मचे तुकडे कापून रिकाम्या काडतुसांत भरतात. म्हणून जुना मिनोल्टा-१६ वापरात आणायचा असेल, तर कॅमेऱ्याइतकेच त्याचे रिकामे काडतूसही मोलाचे ठरते.