पुणे–नाशिक महामार्ग : रस्त्याचा कायदा आणि जमिनीचा कायदा

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग कासारवाडीजवळच्या नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी या गावांवरून चाकणला पोहोचतो. पूर्वी त्याचा राष्ट्रीय क्रमांक ५० होता; २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो ६० झाला. या मार्गाचा वैधानिक इतिहास पाहताना रस्त्याविषयीचा कायदा आणि रस्त्याखाली जाणाऱ्या जमिनीविषयीचा कायदा यांचा वेगवेगळा विचार करणे अगत्याचे आहे.

१९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने महामार्ग केंद्र सरकारच्या ठायी निहित केले. परंतु रुंदीकरणास लागणारी खाजगी जमीन कशी घ्यावी, याविषयी त्यात तरतूद नव्हती. ती १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमाखाली घेतली जाई. त्यानुसार बाजारभावाखेरीज ‘दिलासा रक्कम’ देय असे. १९८४ साली तिचे प्रमाण शेकडा १५ वरून ३० करण्यात आले.

१९९७ च्या दुरुस्तीने महामार्ग अधिनियमात संपादनाची स्वतंत्र कलमे आली. हरकतीस २१ दिवसांची मुदत मिळाली. घोषणा प्रसिद्ध होताच जमीन केंद्राकडे निहित होऊ लागली. याच दुरुस्तीने १८९४ चा अधिनियम अशा संपादनास लागू होणार नाही असे ठरविले. त्यामुळे कामास वेग आला, पण दिलासा रक्कम लोपली.

चाकण परिसरात या भेदाचे स्वरूप विशेष स्पष्ट होते. कारखान्यांसाठी जमीन १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली घेतली जाते, आणि त्यातील मोबदल्याची तरतूद १८९४ च्या अधिनियमाचाच आधार घेत असे. म्हणजे एकाच शिवारातील एक शेत कारखान्यासाठी गेले तर दिलासा रक्कम मिळे. शेजारचे शेत महामार्गासाठी गेले तर मिळत नसे.

जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली यावरून मालकामालकांत भेद करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नागपूर सुधार प्रन्यासाच्या प्रकरणात पूर्वीच सांगितले होते. त्याचाच आधार घेऊन १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने महामार्गासाठी जमीन गेलेल्यांनाही दिलासा रक्कम व व्याज देय ठरविले. २०१३ च्या नव्या भूमिसंपादन अधिनियमातील मोबदल्याच्या तरतुदी तत्पूर्वीच, १ जानेवारी २०१५ पासून, महामार्गांना लागू झाल्या होत्या. हा निर्णय केवळ पुढील काळापुरता मानावा, ही महामार्ग प्राधिकरणाची विनंती फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आली.

तात्पर्य, १९९७ साली महामार्गाच्या कायद्यातून वगळलेला ‘दिलासा’ परत येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. महामार्गाचा इतिहास क्रमांकांच्या व रुंदीच्या नोंदींवरून लिहिला, तर हा कालखंड त्यात दिसणार नाही. तो मोबदल्याच्या निवाड्यांतच शोधावा लागेल.