शाळेने शोधलेला अवकाशतळ

सूर्य मावळल्यावर तासाभरात गच्चीवर जा. फोनमधलं अ‍ॅप सांगतं की 7 वाजून 12 मिनिटांनी नैऋत्येकडून स्पेस स्टेशन उगवेल, आणि 7:12 ला ते खरंच उगवतं. खाली अंधार असतो, पण 400 किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला या वक्तशीरपणाचा हेवा वाटतो. आमचे अंदाज इतके बरोबर कधी येत नाहीत.

पण या वक्तशीरपणाची एक अडचण आहे. जी वस्तू ठरल्या वेळी ठरल्या जागी येते, ती लपवता येत नाही. हे सोव्हिएत युनियनला दाखवून दिलं ते इंग्लंडमधल्या केटरिंग नावाच्या गावातल्या एका शाळेने.

जेफ्री पेरी तिथे फिजिक्स शिकवायचे. त्यांचे सहकारी डेरेक स्लेटर केमिस्ट्रीचे शिक्षक, आणि त्यांना हॅम रेडिओचा नाद. 1960 च्या मे महिन्यात त्यांनी साध्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर स्पुटनिक-4 चे सिग्नल पकडले. पेरींना त्यात फिजिक्सचा आयता धडा दिसला. रुग्णवाहिका जवळ येताना सायरनचा आवाज चढा असतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, तो डॉप्लर परिणाम. सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाच्या 20 मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये हा फरक सुमारे 500 हर्ट्झचा होतो, म्हणजे रिसीव्हरच्या शिट्टीत कानाला सहज कळेल इतका. सूर ज्या क्षणी सगळ्यात झपाट्याने उतरतो, त्या क्षणी उपग्रह तुमच्या सगळ्यात जवळ असतो. ती वेळ वहीत टिपायची. पुढच्या फेरीची टिपायची. मग त्याच्या पुढची. मुलं हेच करत राहिली, वर्षानुवर्षं.

खरी गंमत मॉस्कोची होती. 'कॉसमॉस' या एकाच नावाखाली हेरगिरीचे उपग्रहही सोडले जायचे आणि 'तास' ही सरकारी वृत्तसंस्था ते वैज्ञानिक संशोधनासाठी असल्याचं जाहीर करायची. मात्र त्याच बातमीत ती कक्षेचे आकडेही द्यायची : एका फेरीला लागणारा वेळ, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त उंची, विषुववृत्ताशी होणारा कोन. न सांगितलेली गोष्ट एकच, उपग्रह सोडला कुठून.

17 मार्च 1966 ला कॉसमॉस-112 गेला. त्याचा कोन होता 72 अंश. बायकोनूरहून सुटणाऱ्या नेहमीच्या कॉसमॉसच्या पठडीत हा आकडा बसत नव्हता, आणि केटरिंगमध्ये टिपलेल्या वेळाही जुळेनात. मग हा आला कुठून?

उत्तर काढायची रीत साधी आहे. उपग्रहाच्या फेऱ्यांचा हिशेब उलटा मोजत पहिल्या फेरीपर्यंत जायचं. पृथ्वी खाली फिरत असते, त्यामुळे सुमारे दीड तासाच्या प्रत्येक फेरीत उपग्रहाची वाट जमिनीवर साधारण साडेबावीस अंश पश्चिमेला सरकते; तेवढी दुरुस्ती करायची. पहिल्या फेरीची रेषा नकाशावर काढली की प्रक्षेपणाची जागा त्या रेषेवर कुठेतरी असणार. कुठे, ते एका रेषेवरून कळत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस-129 गेला, कोन 65 अंश. दुसरी रेषा मिळाली. दोन्ही रेषा मॉस्कोच्या उत्तरेला सुमारे 800 किलोमीटरवर एकमेकींना छेदत होत्या, प्लेसेत्स्क नावाच्या गावाजवळ, जंगल आणि दलदलीच्या मुलखात. नोव्हेंबर 1966 मध्ये ही गोष्ट जगजाहीर झाली.

अमेरिकेच्या हेरखात्याला या जागेचा सुगावा आधीच होता. 1 मे 1960 ला गॅरी पॉवर्सचं यू-2 विमान पाडलं गेलं, त्याच्या ठरलेल्या मार्गावर प्लेसेत्स्कही होतं. पण अमेरिका बोलली नाही. आपल्याला काय दिसतं हे शत्रूला कशाला सांगा? म्हणजे एकाने लपवलं, दुसऱ्याने लपू दिलं, आणि सांगितलं ते एका मास्तरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. मला यात शाळकरी हुशारीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळेला गप्प बसण्यात काही फायदा नव्हता.

आजही फार बदललेलं नाही. आपल्या अ‍ॅपमधला बराचसा डेटा अमेरिकन लष्कराच्या यादीतून येतो. प्रत्येक उपग्रहासाठी आकड्यांच्या दोन ओळी, ओळीत 69 अक्षरं, पंचकार्डच्या जमान्यातला फॉरमॅट. या यादीत अमेरिकेच्या स्वतःच्या गुप्त उपग्रहांच्या कक्षा नसतात. त्या हौशी लोक दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन मोजतात आणि खुल्या ठेवतात.

मॉस्कोने प्लेसेत्स्क अधिकृतपणे मान्य केलं ते 1983 मध्ये. केटरिंगच्या मुलांनी रेषा काढल्या, त्याला तोवर सतरा वर्षं होत आली होती.

त्या सतरा वर्षांतल्या एका तारखेपाशी मी अडकतो. 18 मार्च 1980. प्लेसेत्स्कला उड्डाणाच्या तयारीत असलेल्या व्होस्टोक रॉकेटमध्ये इंधन भरताना स्फोट झाला. 48 माणसं गेली. ही बातमी सोव्हिएत वाचकांपर्यंत पोहोचायला 1989 उजाडलं. ज्या तळाची जागा शाळकरी पोरांनी जगाला सांगितली होती, तिथे एवढी माणसं जळाली आणि बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. केटरिंगचा रिसीव्हर तेव्हाही चालू होता. पण ते रॉकेट जमिनीवरच राहिलं होतं. त्याची कक्षा नव्हती, त्याला नंबर मिळाला नाही, आणि वहीत टिपायला कुठलीच वेळ आली नाही.