उकिरड्याचा पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपल्याकडे म्हणतात. इंदुरात तो नव्वद दिवसांत फिटला, त्याची ही हकीकत.

१९०५ साली अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. आले शिकवायला, आणि शिकत राहिले; इथला शेतकरीच त्यांनी गुरू केला. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात शेतीसंशोधनाची संस्था निघाली, तिचे ते संचालक झाले. तेथे यशवंत वाड यांच्या साहाय्याने त्यांनी खताची रीत बसवली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, तीनदा खालीवर करायचे. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार! १९३१ साली दोघांच्या नावे पुस्तक निघाले, आणि ही 'इंदूर पद्धत' केनियातील कॉफीच्या व सिलोनमधील चहाच्या मळ्यांपर्यंत पोचली.

त्याच सिलोनने, म्हणजे आताच्या श्रीलंकेने, मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फर्मानासरशी बंद केली. खताचे खड्डे भरण्याआधीच पोती थांबली. भात घटले, तांदूळ परदेशातून आणावा लागला, आणि नोव्हेंबरात फर्मान मागे घ्यावे लागले.

एक खड्डा नव्वद दिवसांत कुजतो खरा. पण साऱ्या देशाला पुरेल एवढे शेण, पालापाचोळा आणि हाताची सवय जमायला वर्षे लागतात. तोवर लोकांनी खायचे काय, याची तजवीज फर्मान काढणाऱ्याने आधी करायला हवी.